ऑफिस आणि टेकडी, दोन्हीला एकच सायकल: घेण्यापूर्वी काय बघावं

आठवडाभर पुण्याच्या रस्त्यांवर आणि रविवारी वेताळ टेकडीवर चालवायची असेल, तर साधारण 15 ते 25 हजारांत चांगली एमटीबी (माउंटन बाइक) मिळते. त्यात आधी माप बघा, मग ब्रेक आणि मागचा हब (चाकाच्या मधला गोल भाग), मग टायर. ‘21 गिअर’ हा आकडा सगळ्यात शेवटी.

नेहमीचे बूट घालून, दांडी दोन पायांत घेऊन उभे राहा. दांडीच्या वर चार बोटं जागा हवी. वाढत्या अंगाची म्हणून मुलाला मोठी फ्रेम घेऊ नका. उतारावर एकदम पाय टेकायची वेळ आली की दांडी लागते.

मागेही सस्पेन्शन असलेली सायकल या किमतीत घेऊ नका, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. वजन वाढतं, सांधे लवकर ढिले होतात आणि चढावर पायांचा जोर स्प्रिंगमध्येच जिरतो. पुढे 80 ते 100 मिमी दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा) पुरतो. डांबरी चढासाठी त्याला लॉकआउट, म्हणजे स्प्रिंग बंद करायची सोय, असेल तर उत्तम.

हबची परीक्षा दुकानातच करा. मागच्या सगळ्यात लहान चक्रीच्या मध्यभागी खाचांची रिंग दिसते. पेडल उलटं फिरवा. रिंग चक्रीबरोबर फिरली तर कॅसेट (खटखटणारी यंत्रणा हबमध्येच, चक्र्या त्यावर बसवलेल्या), जागेवर थांबली तर फ्रीव्हील (चक्र्या आणि ती यंत्रणा एकत्र, हबवर आट्यांनी बसवलेली). फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे ॲक्सलचा (चाकाच्या आसाचा) लांब तुकडा आधाराशिवाय राहतो. दगडांवर सायकल आपटली की तो तिथे वाकतो, कधी तुटतोही. नुसत्या रस्त्यासाठी फ्रीव्हील चालेल, टेकडीसाठी थोडे जास्त पैसे घालून कॅसेटच घ्या.

गिअरमध्ये दाते मोजा. पुढची लहान चक्री 24 दात्यांची आणि मागची मोठी 28 ची असेल, तर सिंहगडाच्या घाटात बहुतेकांना उतरून ढकलावं लागतं. मागे 34 असेल तर तोच चढ बसून निघतो.

केबलवाल्या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा बाहेरचाच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. पॅड झिजले की लिव्हर हँडलला टेकायला लागतो. फक्त केबल ताणून भागत नाही. आतल्या पॅडचा स्क्रू पाव फेरा आत घ्या, डिस्क घासली तर किंचित मागे. चेनला तेल देताना डिस्कवर फडकं धरा. पॅडने तेल प्यायलं की ब्रेक किंचाळतो, लागत नाही आणि पॅड बदलावाच लागतो.

रस्त्यावर आणि टेकडीवर हवा सारखी ठेवू नका. 2.1 इंची टायर आणि 70 किलोच्या आसपासचा माणूस असेल, तर रस्त्यावर 40 ते 45 पीएसआय, मुरमाच्या वाटेवर 30 च्या आसपास. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा मात्र पाळा. हवा 30 हून बरीच कमी केली की दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. एकच बारीक भोक असेल तर बाभळीचा काटा. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून तो काढा, नाहीतर तीही जाईल.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर सायकल दुकानात घेऊन या. तोवर केबल सैलावतात, चाकाच्या तारा बसतात आणि चाक थोडं आऊट (वाकडं) होतं. डावा क्रँक (पेडलचा दांडा) हलत असेल तर तेवढे दिवसही थांबू नका. ढिल्या क्रँकवर चालवलं तर त्याचं चौकोनी भोक कायमचं गोल होतं.