धूर, इंजिन चालू होतानाचा : कारणनिदान

मोटारीचे थंड इंजिन चालू होताना सायलेन्सरमधून पहिल्या काही सेकंदांत किंवा मिनिटांत निघणारा दृश्य धूर आणि त्यावरून दोष ओळखण्याची पद्धत. या नोंदीत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील हवामान व गॅरेजांतील चालू पद्धती ध्यानात घेतल्या आहेत. जुन्या मार्गदर्शिकांत पांढरा, निळा व काळा असा तीन रंगांचा तक्ता आढळतो. तो उपयोगी असला तरी पहाटेच्या उजेडात निळसर आणि करडा यांत फरक करणे अवघड असते. म्हणून धूर कधी सुरू झाला, किती वेळ टिकला आणि इंजिन तापल्यावर परत आला का, या तीन गोष्टी रंगाआधी पाहाव्यात.

बाष्प. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. सायलेन्सर थंड असेतो ती वाफ आतच निवते आणि नळीतून थेंब व पांढरा धूर बाहेर पडतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मी. उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आणि खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यात हे बाष्प बराच वेळ दिसत राहते. पूर्वेकडील अथणीत एप्रिलच्या दुपारी तीच गाडी धूर दाखवणार नाही. बाष्प नळीपासून थोड्या अंतरावर हवेत विरते, त्याला वास नसतो आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी घटत नाही. यात दुरुस्तीचे काही नाही.

निळसर धूर. हा इंजिन ऑईल जळल्याचा धूर होय. रात्रभर उभ्या असलेल्या पेट्रोल गाडीने सकाळी सेल मारताच निळा लोट सोडला आणि मिनिटभरात धूर थांबला, तर कारण व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरची ऑईल अडवणारी रबरी टोपी) की रिंग (पिस्टनभोवतीची कडी), यावर मिस्त्र्यांत दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार दोष सीलचाच. रबरी सील उष्णतेने कडक होतात, हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) साचलेले ऑईल रात्रीतून गाईडमधून (दांडा ज्यात सरकतो त्या नळीतून) व्हॉल्व्हच्या दांड्यावर ओघळते आणि पहिल्या फेऱ्यांत जळते. दुसऱ्या मतानुसार कार्बनने जाम झालेली ऑईल रिंगही बोअरच्या (सिलिंडरच्या पोकळीच्या) भिंतीवर ऑईल मागे ठेवते, म्हणून नुसत्या सकाळच्या धुरावरून हेड उघडू नये.

वाद मिटवण्यासाठी सहसा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या दाबाचे माप) घेतले जाते. सर्व स्पार्क प्लग काढावेत, इंधनपुरवठा व इग्निशन तोडावे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि भरलेल्या बॅटरीवर सेल मारावा. पेट्रोल इंजिनात साधारण 10 ते 13 बार दाब मिळतो. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा 10-15 टक्क्यांहून कमी आला, तर त्यात 5 मि.लि. ऑईल सोडून पुन्हा मोजावे. दाब ठळकपणे वाढल्यास वरच्या रिंगा किंवा बोअर झिजलेले असतात. दाब न वाढल्यास व्हॉल्व्हची सीट किंवा हेड गॅस्केट तपासावे. मात्र दाब धरतात त्या वरच्या दोन रिंगा. ऑईल खरवडणारी तिसरी रिंग जाम असली तरी आकडा उत्तम येऊ शकतो, आणि व्हॉल्व्ह सीलचा तर दाबाशी संबंधच नाही. त्यामुळे चांगल्या कॉम्प्रेशनवरून रिंगा निर्दोष ठरवणे चूक आहे.

निर्णायक ठरतो तो उताराचा प्रयोग. निपाणीजवळचा तवंदी घाट किंवा गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट यासाठी सोयीचा आहे. इंजिन तापल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरावे, म्हणजे इनटेकमध्ये निर्वात वाढून गाईडमधून ऑईल ओढले जाते. उतार संपताच रेस द्यावी. मागच्या गाडीतील माणसाला त्या क्षणी एकच निळा लोट दिसला, तर दोष सील-गाईडचा. चढावर भार असताना धूर सतत येत असेल, तर रिंगांचा. डिझेल इंजिनात सहसा थ्रॉटलचा अडथळा नसल्याने असा निर्वात तयार होत नाही, तेव्हा हा प्रयोग पेट्रोल गाड्यांपुरताच धरावा. ऑईल फिलरचे झाकण उघडल्यावर धपधप वाफ येणे, म्हणजेच गाडीने ‘बॅक कॉम्प्रेशन मारणे’, ही खूणही रिंगांकडेच बोट दाखवते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचे धूर शुद्ध करणारे उपकरण) असलेल्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. कन्व्हर्टर साधारण 250 ते 300 अंश सेल्सियसला काम करू लागतो आणि त्यानंतर थोड्या ऑईलचा धूर तो बराचसा जाळून टाकतो. म्हणजे सकाळीच धूर दिसतो याचा अर्थ गाडी सकाळीच ऑईल खाते, असा होत नाही. डिपस्टिकवरची पातळी 1,000 कि.मी.ला किती उतरते, हे मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

सील बदलण्यासाठी हेड उतरवावेच लागते असे नाही. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब दिला की व्हॉल्व्ह खाली पडत नाही आणि स्प्रिंग काढता येते. डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 च्या तीन सिलिंडरच्या मूळ इंजिनात सहा व्हॉल्व्ह आणि तितकेच सील असतात. व्हॉल्व्हचा दांडा गाईडमध्ये हाताला हलत असेल, तर नवे सील फार काळ टिकत नाहीत. अशा वेळी हेड उतरवून गाईड बदलणेच योग्य. ऑईल प्रमाणाबाहेर भरणे, क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पेटीचा) श्वास-व्हॉल्व्ह तुंबणे आणि टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) सील जाणे हीही कारणे आहेत. टर्बो गाडीत इंटरकूलरची (ती हवा थंड करणाऱ्या जाळीची) नळी काढून आत ऑईल साचले आहे का, ते आधी पाहावे.

डिझेलचा पांढरा धूर. डोळ्यांना झोंबणारा व कच्च्या डिझेलचा वास असणारा धूर म्हणजे न जळलेले इंधन. टेम्पो ट्रॅक्समधील ओएम 616 सारख्या पूर्वकक्ष (जिथे जळण सुरू होते तो लहान कप्पा) असलेल्या इंजिनांत पहिला संशय हीटर प्लगवर (थंड इंजिन चालू करताना तो कप्पा तापवणाऱ्या विजेच्या प्लगवर) घ्यावा. जुन्या वेटोळ्याच्या हीटरची जोडणी एकापाठोपाठ एक असते, एक तुटला की सर्व बंद. पेन्सिल प्रकारात प्रत्येक हीटर स्वतंत्र असतो. त्यातला एक गेला तर गाडी चालू होते, पण एक सिलिंडर काही सेकंद मिस करतो आणि पांढरा धूर सोडतो. तपासताना हीटरची जोडपट्टी काढून प्रत्येकाचा रोध मोजावा. चांगला हीटर थंड असताना साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो, तुटलेल्याचा रोध अनंत येतो. हीटर ठीक असल्यास रात्रीतून लाइनमध्ये हवा शिरणे, नोझल (इंधन फवारणारे तोंड) ठिबकणे, डिझेल पंपाचे टायमिंग मागे पडणे आणि शेवटी कॉम्प्रेशन, या क्रमाने जावे. सरळ पंप उतरवून कॅलिब्रेशनला देण्याची घाई खर्चात पाडते.

कूलंटचा धूर. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही टिकला, त्याला गोडसर वास आला आणि कूलंटच्या टाकीतील पातळी घटत गेली, तर हेड गॅस्केट किंवा हेड संशयास्पद. रात्रीत सिलिंडरमध्ये झिरपलेल्या पाण्यामुळे सकाळी इंजिन थोडा वेळ थरथरते. त्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा लखलखीत दिसतो. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून सेल मारावा आणि बुडबुडे येतात का पाहावे. गरम इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. दाब-पंपाने झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत, बहुधा 0.9 ते 1.1 बार, यंत्रणा भरून रात्रभर ठेवल्यास बारीक गळतीही सापडते. कूलंटऐवजी बोअरवेलचे पाणी भरण्याच्या सवयीने क्षार साचतात व ॲल्युमिनियमचे हेड खाल्ले जाते. हेड उतरल्यावर सरळपट्टी व फीलर गेजने वाक मोजावा. पुष्कळ लहान इंजिनांत मर्यादा 0.05 मि.मी. असते. त्यापुढे फेसिंग (यंत्रावर घासून सपाट करणे) करावे लागते, आणि बेळगावात ते काम उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील मशीन शॉपमध्ये होते. नुसते गॅस्केट बदलून वाकलेले हेड परत बसवल्यास तोच दोष पुन्हा उद्भवतो.

काळा धूर. इंधन जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, इंजेक्टर, तापमान सेन्सर व ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) पाहावेत. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक अडकलेला असतो.

पीयूसी (प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र). डिझेल गाड्यांची धूरचाचणी तापलेल्या इंजिनावर रेस देऊन घेतात. प्रकाशशोषण गुणांकाची (धूर किती प्रकाश अडवतो त्या मापाची) मर्यादा बीएस-4 (भारत स्टेज उत्सर्जन मानकांचा चौथा टप्पा) पूर्वीच्या डिझेल वाहनांसाठी 2.45 आणि बीएस-4 वाहनांसाठी 1.62 प्रति मीटर आहे. सकाळचा धूर या चाचणीत मोजलाच जात नाही, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालेल्या गाडीतही वरील सर्व दोष असू शकतात. जुनी गाडी घेताना ती आधीच तापवून ठेवलेली नाही ना, हे बॉनेटला हात लावून पाहावे आणि पहिला सेल आपल्यासमोर मारायला सांगावा.