पाण्याच्या ताळेबंदामागची इर्जिक

पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. तो 2018 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून 15 जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी आयआयटी मुंबईने जे गणित बसवलं, ते क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, म्हणून. महसूल मंडळाचा रोजचा पाऊस, माती, उतार आणि पीक त्यात घालायचं. मग किती पाणी ओढ्याला गेलं, किती मातीत राहिलं, किती मुरलं आणि कपाशीला किती कमी पडलं, हे शिवाराच्या तुकड्यातुकड्याने कळतं.

क्यूजीआयएसला लायसन्सचे पैसे पडत नाहीत. म्हणून ते फुकटात तयार झालं, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. ते खरं नाही.

या घराण्यातलं थोरलं सॉफ्टवेअर ग्रास. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या प्रयोगशाळेत 1982 मध्ये त्याचं काम सुरू झालं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लष्कराने हात काढून घेतला. पुढे विद्यापीठांतल्या लोकांनी ते सांभाळलं आणि 1999 मध्ये ते जीपीएल या, कुणालाही वापरू आणि बदलू देणाऱ्या, परवान्याखाली आलं. इंटरनेटवर नकाशे दाखवणारं मॅपसर्व्हर मिनेसोटा विद्यापीठातून निघालं. नकाशांच्या वेगवेगळ्या फाइली वाचणारं जीडाल फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998 मध्ये सुरू केलं, नकाशांची माहिती डेटाबेसमध्ये साठवणारं पोस्टजीआयएस 2001 मध्ये कॅनडातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या सल्लागार कंपनीने काढलं आणि गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये क्यूजीआयएसला हात घातला. कुठे सरकारी निधी, कुठे कंपनीचं कंत्राट, कुठे एकट्याची संध्याकाळ.

पोटापाण्याची वाट ठरलेली होती. सॉफ्टवेअर मोकळं ठेवायचं आणि प्रशिक्षण, देखभाल, गिऱ्हाईकाला हवा तो बदल यांचे पैसे घ्यायचे. यात छोट्या कंपन्या टिकल्या. मोठं होऊ पाहणाऱ्यांना ते जड गेलं. पोस्टजीआयएसला आणि मॅपसर्व्हरसारख्याच जिओसर्व्हरला आधार देणारी बाउंडलेस ही कंपनी विकत घेत असल्याचं प्लॅनेट या उपग्रह कंपनीने 2018 मध्ये जाहीर केलं. जिओसर्व्हर तरीही चालू राहिलं, कारण इतर कंपन्यांचे लोकही त्यात राबत होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

एकत्र येणं मात्र सुखासुखी झालं नाही. ऑटोडेस्क या कंपनीने 2005 मध्ये आपलं मॅपगाइड हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोकळं केलं, तेव्हा त्याला मॅपसर्व्हरचं नाव जोडलं आणि जुने लोक दुखावले. नाव मागे घ्यावं लागलं. पण त्याच बोलण्यांतून फेब्रुवारी 2006 मध्ये शिकागोत ओएसजिओ ही संस्था उभी राहिली. आज बहुतेक प्रकल्प तिच्या छताखाली आहेत.

सहकार्य म्हणजे काय, ते आपल्या रानात दिसतं. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट या मापावर आहेत, मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर. रूपांतर न करता एकावर एक ठेवले, तर मराठवाड्यात फरक शंभर मीटरच्या वर जातो. मी पहिल्यांदा असे थर लावले, तेव्हा गावचा ओढा शेजारच्या गटातून वाहत होता. बांध तिथेच घातला असता तर? हे रूपांतर क्यूजीआयएसच्या पोटात प्रोज नावाची लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरांनी वापरायचा तयार कोड, करते. पूर्वी जीडाल, प्रोज आणि इतर प्रकल्प अशा मापांची आपापली वेगळी यादी बाळगत. 2018 मध्ये सगळ्यांनी मिळून वर्गणी काढली आणि सव्वा लाख डॉलरहून जास्त पैसे जमले. त्या पैशातून एकच सामाईक यादी झाली आणि 2019 मध्ये प्रोज 6 आणि जीडाल 3 आले.

इंग्रजीत त्या मोहिमेला गावाने मिळून कोठार उभारण्याचं नाव दिलं होतं. आपल्याकडे याला इर्जिक म्हणतात. ज्याचं रान त्याने जेवण घालायचं, बाकीच्यांनी आपापली बैलजोडी घेऊन यायचं. 2021 मध्ये जीडालसाठी पुन्हा अशीच हाक दिली गेली. मायक्रोसॉफ्ट, गूगल, ॲमेझॉन आणि खुद्द एस्री, म्हणजे नकाशा-सॉफ्टवेअरचं लायसन्स विकणारी कंपनी, त्यात उतरली. कारण तीच लायब्ररी त्यांच्याही मालात आहे. तोवर इतकं जग ज्यावर चालतं, त्याची देखभाल मुख्यतः एव्हन रुओ या एका माणसावर होती.

क्यूजीआयएसचा खर्च देणग्या आणि सभासद संस्थांच्या वर्षासनावर चालतो. मी पाहिलेल्या पाणलोटाच्या अंदाजपत्रकांत जीपभाडं, प्रिंटर, शाई, नकाशे लॅमिनेट करणं या सगळ्यांना रकाना होता. ज्या सॉफ्टवेअरवर नकाशा निघाला, त्याच्या देणगीला नव्हता. 2018 मध्ये क्यूजीआयएस 3 आलं, प्लगइनं ज्या भाषेत लिहितात त्या पायथनची आवृत्ती बदलली आणि जुनी प्लगइनं पुन्हा लिहावी लागली. चौथ्या आवृत्तीसाठीही प्लगइनं पुन्हा तपासावीच लागतात. जालन्यात, हिंगोलीत आपल्या ताळेबंदासाठी ते काम करणारा माणूस कुणाच्या पगारावर असेल, हे तो रकाना आखतानाच ठरवायला हवं.