क्लॅनचं टार्टन खरंच किती जुनं?

अमेरिका-कॅनडातले स्कॉटिश आडनावाचे लोक पूर्वज शोधायला लागले की बऱ्याचदा आधी आपल्या क्लॅनचं (एका प्रमुखाखालच्या, एकाच आडनावाच्या गटाचं) टार्टन, म्हणजे चौकड्यांच्या कापडाचं डिझाइनच शोधतात, मॅकडोनाल्डचं हे, कॅम्पबेलचं ते, आणि विकणारा पण बिनधास्त सांगतो की हे शेकडो वर्षांपासून चालत आलंय. आता चौकड्यांचं लोकरी कापड जुनं आहेच, स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कला तिसऱ्या शतकातला एक तुकडा रोमन नाण्यांच्या मडक्यात मिळालाय. पण एका क्लॅनचं एकच डिझाइन, हे प्रकरण जेमतेम 200 वर्षांचं.

1746 ला कलोडनच्या लढाईत जेकोबाइट, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याचे बंडखोर समर्थक, हरले, लगेच लंडनच्या पार्लमेंटने कायदा केला की हायलँडमधल्या (उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या) पुरुषांनी किल्ट (गुडघ्यापर्यंतचा घागऱ्यासारखा पोशाख), टार्टन काही घालायचं नाही, पहिल्यांदा सापडला तर सहा महिने जेल आणि परत सापडला तर सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा! सरकारी फौजेतल्या हायलँड पलटणींना मात्र सूट, म्हणजे ज्यांनी बंदी घातली त्यांच्याच पगारावर टार्टन टिकलं. बंदी उठली 1782 ला. पलटणींना कापड पुरवणारे बॅनकबर्नचे विल्सन विणकर कितीतरी डिझाइनना नुसते नंबर द्यायचे, क्लॅनची नावं मागाहून चिकटली. 1815 मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने क्लॅनप्रमुखांकडे नमुने मागितले तर काहींना आपलं टार्टन कुठलं तेच ठाऊक नव्हतं, मग 1822 ला राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाट मांडला आणि ज्याला त्याला टार्टन हवं झालं. 1842 मध्ये दोन भावांनी 'प्राचीन हस्तलिखित' म्हणून टार्टनचं पुस्तक छापलं, ते चक्क बनावट, तरी त्यातली काही डिझाइन्स आजही चालतात.

शिवाय क्लॅन म्हणजे आपल्या भावकीसारखं सगळं रक्ताचंच नातं नसायचं, प्रमुखाच्या आश्रयाला आलेले लोक पण तेच आडनाव लावायचे. त्यामुळे नुसत्या आडनावावरून फार काही कळत नाही, कागद काढावेच लागतात. 1855 पासून स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं पण असतात, त्याआधीचं चर्चच्या वह्यांत शोधायचं. कुठलंच टार्टन जुळलं नाही तर 2009 पासून सरकारी टार्टन रजिस्टर आहे, त्यात फी भरून आपल्या घराचं नवीन डिझाइन नोंदवता येतं.