‘पर्स्पेक्टिव्ह’ : आरपार की स्पष्ट?

चित्रकलेतलं यथार्थदर्शन, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याची रीत, आणि गप्पांमधला ‘माझा पर्स्पेक्टिव्ह’ ही एकाच शब्दाची लेकरं. पण त्या शब्दाच्या मुळाशी ना चित्र होतं, ना मत. सहाव्या शतकात ग्रीक ज्ञान लॅटिनमध्ये आणताना ‘ऑप्टिके’साठी, म्हणजे दृष्टीच्या शास्त्रासाठी, ‘पर्स्पेक्टिवा’ हा शब्द वापरला गेला. कैरोत अरबीत लिहिलेला दृष्टिविषयक ग्रंथ १२००च्या सुमारास लॅटिनमध्ये आला, तोही याच नावाने ओळखला जाऊ लागला. किरण, परावर्तन, डोळ्याची रचना, एवढाच त्याचा संसार.

पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये चित्रकारांनी हा शब्द उचलला आणि घोळ सुरू झाला. जुन्या शास्त्राला ‘नैसर्गिक’ आणि चित्रकारांच्या भूमितीला ‘कृत्रिम’ अशी विशेषणं जोडावी लागली. १४७०च्या दशकातल्या एका ग्रंथाच्या तर नावातच ‘चित्रकलेसाठीची’ असा खुलासा आहे.

खरा वाद मात्र उपसर्गाचा. ‘पर्स्पेक्टिवा’ म्हणजे ‘पेर’ अधिक ‘पाहणं’; लॅटिनमधल्या या ‘पेर’चा अर्थ ‘आरपार’ होतो, तसाच ‘पुरतं, नीट’ असाही. न्यूरेंबर्गच्या एका चित्रकार-खोदकाराने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘आरपार पाहणं’ असा अर्थ नोंदवला. चित्र म्हणजे उघडी खिडकी, ही कल्पना तोवर रुळली होती. त्यामुळे तो अर्थ सगळ्यांना पटला आणि आजही तोच सांगितला जातो. यथार्थदर्शनावरच्या १९२७च्या एका जर्मन निबंधाची सुरुवात त्या चित्रकाराच्या याच वाक्याने होते, पण मूळ अर्थ ‘स्पष्ट पाहणं’ असावा, असं तोच निबंध तळटीपेत नोंदवतो. तळटीप अधिक सयुक्तिक वाटते. शब्द घडला तेव्हा त्या खिडकीचा मागमूसही नव्हता.

सतराव्या शतकातल्या इंग्रजीत दुर्बिणीलाही ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणत. १७१४मध्ये एका जर्मन तत्त्वज्ञाने एकच शहर वेगवेगळ्या बाजूंनी वेगळं भासतं, हा दाखला दिला. १८८७मध्ये दुसऱ्याने पाहणं हे कुठूनतरीच पाहणं असतं, असं ठणकावलं. आजचा ‘दृष्टिकोन’ हा अर्थ याच वाटेवरचा.

मराठीने कामं वाटून दिली : मतासाठी ‘दृष्टिकोन’, व्यापक संदर्भासाठी ‘परिप्रेक्ष्य’, चित्रासाठी ‘यथार्थदर्शन’. यातला शेवटचा शब्द जरा जास्तच बोलतो. रूळ यथार्थात समांतर असतात, चित्रात ते क्षितिजावर मिळतात. काही जण ‘यथादर्शन’ लिहितात, ते बरं.