टॅनिनपूरके, दुभत्या गायींच्या आहारातील

झाडांची साल, फळे, पाने व बियांची टरफले यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य दुभत्या गायींच्या खुराकात मोजून मिसळण्याची पद्धत. पेंडीतील प्रथिने कोठीपोटात (गायीच्या चार पोटांपैकी पहिल्या, मोठ्या पोटात) वाया जाऊ न देणे, मिथेन कमी करणे आणि लघवीवाटे जाणारा नायट्रोजन शेणाकडे वळवणे, हे तिचे मुख्य हेतू. कोल्हापूर परिसरात टॅनिनची ओळख मुख्यतः चामड्याच्या धंद्यातून आहे. २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांत कमावतात. कातड्यातील प्रथिनाला जे द्रव्य घट्ट धरते, तेच गोठ्यात पेंडीतील प्रथिनाला धरते. मात्र कातडी कमावून उरलेली साल जनावरांना घालू नये. तीत चुना व कुजके अवशेष असतात.

प्रकार : रसायनशास्त्रज्ञ फ्रॉइडेनबर्ग यांच्या १९२० च्या वर्गीकरणानुसार टॅनिनचे जलविघटनशील (पाण्याच्या क्रियेने सुटे होणारे) व संघनित (तसे सहज न फुटणारे) असे दोन गट मानतात. हिरडा, बाभळीच्या शेंगा व चेस्टनटचे लाकूड मुख्यतः पहिल्या गटात येतात. दक्षिण अमेरिकेतील क्वेब्राचो हे झाड, काळ्या वॅटल या बाभळीच्या जातीतील झाडाची साल व चिंचोक्याची टरफले दुसऱ्या गटात. फेरिक क्लोराइडचे पातळ द्रावण घातल्यास पहिल्या गटातील काढा निळसर काळा होतो, दुसऱ्यातील हिरवट काळा. वाळलेल्या हिरड्यात साधारण ३० टक्के, तर बाभळीच्या सालीत १२ ते २० टक्के टॅनिन आढळते. हे आकडे सावधपणे वाचावेत. फोलिन पद्धत सर्वच फिनॉले मोजते, ब्युटेनॉल-आम्ल पद्धत फक्त संघनित टॅनिन दाखवते. त्यामुळे एकाच नमुन्याचे दोन अहवाल जुळत नाहीत. जलविघटनशील टॅनिन जास्त झाल्यास त्याच्या विघटनातून निघणारी द्रव्ये यकृत व मूत्रपिंडाला बाधतात. म्हणून दीर्घकाळ चारायचे असल्यास संघनित गट अधिक सुरक्षित मानणे योग्य वाटते.

कार्य : टॅनिन-प्रथिन बंध साधारण सामू (आम्लतेचे माप, pH) ३.५ ते ७ या मर्यादेत टिकतो (जोन्स व मँगन, १९७७). कोठीपोटाचा सामू ६ ते ७ असल्याने तेथे प्रथिन जिवाणूंच्या तावडीतून सुटते. चौथ्या पोटातील आम्लात बंध तुटतो व प्रथिन पुढे आतड्यात पचते. फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया केलेल्या बायपास पेंडीचा (कोठीपोटात न फुटता पुढे जाणाऱ्या पेंडीचा) उद्देशही हाच असतो. टॅनिन युरियाला मात्र बांधत नाही. युरिया घातलेल्या खुराकातील अमोनिया त्यामुळे थेट आटोक्यात येत नाही.

मिथेन कसे घटते यावर मतभेद आहेत. एका मतानुसार टॅनिन मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर थेट आघात करते. दुसऱ्या मतानुसार तंतूंचे पचन मंदावल्याने हायड्रोजनच कमी तयार होतो. दुसरे मत संघनित टॅनिनला अधिक लागू पडते. किलोभर शुष्क पदार्थामागे (पाण्याचा अंश वगळून उरलेल्या चाऱ्यामागे) टॅनिन २० ग्रॅमच्या वर गेल्यावरच घट ठळक होते आणि त्याच पातळीला तंतूंचे पचनही घसरू लागते. मिथेन घटले एवढेच पाहून पूरक उपयोगी ठरवता येत नाही; सोबत दूध व फॅट मोजलेच पाहिजे.

मात्रा : ४५० किलो वजनाची, १२ लिटर दूध देणारी गाय दिवसाला सुमारे १३ किलो शुष्क पदार्थ खाते. त्याच्या १ टक्का म्हणजे १३० ग्रॅम टॅनिन. ७० टक्के शुद्धतेच्या अर्काचे हे सुमारे १८५ ग्रॅम होतात. तेवढ्याच टॅनिनसाठी हिरडापूड ४३० ग्रॅमच्या आसपास लागेल आणि एवढ्या तुरट आंबोणाकडे गाय तोंड फिरवते. सुरुवात पाव मात्रेने करून दोन-तीन आठवड्यांत वाढवावी. अर्क आधी पेंडीत चोळावा, मग भरड्यात कालवावा. पाण्यातून देऊ नये. लोखंडी घमेले टाळावे. टॅनिन लोहाला बांधते, म्हणून खनिज मिश्रण वेगळ्या वेळी द्यावे. पाला सावलीत वाळवावा. तीव्र उष्णतेने संघनित टॅनिनचे स्वरूप बदलते. सुबाभळीच्या पाल्यात टॅनिनसोबत मिमोसीन हे विषारी द्रव्य असल्याने तो एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवतात.

कोल्हापुरातील वैरण : येथे टॅनिन द्यावे की नाही हे उसाच्या वाढ्यांवर (शेंड्याकडील हिरव्या पाल्यावर) ठरते. गळीत हंगामात करवीर, हातकणंगले, शिरोळ भागांतील गोठ्यांत वाढे मुबलक असतात, पण त्यांत प्रथिन कमी, शुष्क पदार्थाच्या ५-६ टक्क्यांच्या आसपास. कोठीपोटातील जिवाणूंना किमान ७ टक्क्यांच्या वर प्रथिन लागते. अशा वैरणीत प्रथिन फुटून वाया जाणारा अमोनियाच नसतो. टॅनिन घातले तर जिवाणूंची उपासमार वाढते, वाढे पोटात जास्त वेळ पडून राहतात आणि दूध उतरते. आधी सरकी किंवा शेंगदाणा पेंड वाढवावी. टॅनिनचा उपयोग लसूणघास व पेंड भरपूर असलेल्या, जास्त दुधाच्या संकरित गायींत होतो. दुधातील युरिया-नायट्रोजन दर डेसिलिटरला सातत्याने १६ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर प्रथिन वाया जात आहे आणि त्याच्या बचतीला वाव आहे. कोवळ्या लसूणघासाने होणारी पोटफुगीही संघनित टॅनिनने कमी होते.

अतिरेक : संघनित टॅनिन शुष्क पदार्थाच्या ५ टक्क्यांच्या वर गेल्यास खाणे घटते. शेण घट्ट व गडद होते, रवंथ कमी होतो, मग दूध व फॅट घसरतात. अशा वेळी पूरक ताबडतोब थांबवावे. प्रयोगांत पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रसायन देऊन टॅनिन निष्प्रभ करतात, कारण टॅनिन प्रथिनाआधी या रसायनालाच चिकटते. गोठ्यात मात्र पूरक बंद करून चांगली वैरण देणे हाच परवडणारा उपाय आहे.