टॅबचं वायफाय सारखं जातंय? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या टॅबच्या दोन तक्रारी नेहमीच्या: स्क्रीन फुटली, नाहीतर वायफाय टिकत नाही. फुटलेल्या स्क्रीनबद्दल समजावून सांगण्यासारखं काही नसतं. वायफायचं तसं नाही. यातले बरेचसे टॅब आमच्या काउंटरवर दिवसभर बिनतक्रार चालतात, ग्राहक खुशीत घरी घेऊन जातात आणि संध्याकाळी फोन येतो, "अहो, परत जातंय." मग तुमची खेप फुकट आणि आमचाही वेळ. म्हणून हा कागद छापला आहे. वाचून घरच्या घरी सुटलं तर उत्तमच. नाही सुटलं, तर टॅब आमच्याकडे निदान तपासण्याजोग्या अवस्थेत येईल.

"मोबाईलवर तर नीट चालतं!"

काउंटरवर सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. घरात वायफाय एक, मोबाईलवर सगळं सुरळीत, टॅबवर मात्र गोल गोल फिरतंय. म्हणजे टॅबच बिघडला. हिशेब सरळ वाटतो, पण त्यात एक गोष्ट राहून जाते. मोबाईलमध्ये सिम असतं. आतल्या खोलीत वायफाय कमजोर पडलं की बरेचसे मोबाईल न सांगता, न विचारता सिमच्या डेटावर जातात. वरच्या पट्टीतलं चिन्ह बदलतं, बाकी काही होत नाही. व्हिडिओ थांबत नाही, त्यामुळे तुमच्या लक्षातही येत नाही. टॅब मात्र बहुतेक लोक फक्त वायफायवाला घेतात. त्याला जायला दुसरीकडे जागाच नाही, तो तिथेच थांबतो आणि बोल खातो.

तेव्हा पहिली परीक्षा अशी. टॅब जिथे अडतो तिथेच, त्याच पलंगावर किंवा त्याच टेबलावर, मोबाईल शेजारी ठेवा. मोबाईलचा डेटा पूर्ण बंद करा, वायफाय चालू ठेवा आणि दोन्हींवर व्हिडिओ लावा. दोन्ही एकदमच अडले तर टॅब निर्दोष आहे. मोबाईल व्यवस्थित चालला आणि टॅब एकटाच अडला, तर पुढचं वाचा.

ठाण्यात कोलशेतच्या एका टॉवरमधलं एक घर आम्ही स्वतः जाऊन पाहिलं. फायबरची वायर मुख्य दरवाज्याशी आत येते, म्हणून राउटर तिथेच, चपलांच्या कपाटात, दार लावून. आजोबांचा टॅब शेवटच्या बेडरूममध्ये. मध्ये स्वयंपाकघर, फ्रीज, बाथरूमची टाइल लावलेली भिंत आणि वर आरशाचं वॉर्डरोब. शिवाय इमारत मायवानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली. अशा इमारतीत आतल्या भिंतीही सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. नौपाड्यातल्या जुन्या विटांच्या घरात जो राउटर दोन खोल्या ओलांडतो, तोच घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये एका भिंतीत गार पडतो. आजोबांचा टॅब त्याआधी दोन दुकानांत उघडून झाला होता. राउटर कपाटातून काढून हॉलमध्ये उंचावर ठेवला, प्रश्न संपला. वायर लांबवायचे तेवढे पैसे लागले.

आता टू पॉइंट फोर आणि फाइव्हबद्दल. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचचा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे त्याचा जोर लवकर ओसरतो, २.४ चा वेग कमी, पण तो लांब जातो. हल्लीचे राउटर दोन्हींना एकच नाव देतात आणि कोणाला कुठे जोडायचं ते आपणच ठरवतात. काही टॅबना हे मानवत नाही. ते इकडून तिकडे उड्या मारत राहतात आणि प्रत्येक उडीला नेट जातं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं द्या, आतल्या खोलीतला टॅब २.४ ला जोडा आणि दुसरं नाव टॅबमधून विसरायला लावा. एवढ्याने सुटलेल्या तक्रारी आम्ही भरपूर पाहिल्या आहेत.

मात्र २.४ वर गर्दी फार. या पट्टीचे राउटरसाठी भाग पाडलेले असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तिथे तीनच धरतात, १, ६ आणि ११. टॉवरमध्ये वर, खाली, आजूबाजूला प्रत्येक घरात एक राउटर. सगळे त्या तिघांतच. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा आणि तीनपैकी ज्यावर गर्दी कमी ते चॅनेल घ्या. मायक्रोवेव्हही याच पट्टीत चालतो. जेवण गरम करतानाच नेट जात असेल तर कारण शोधायला लांब जायला नको.

टॅब जुना असेल आणि राउटर नवा आला असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेचा प्रकार बघा, डब्ल्यूपीए २ की नवा डब्ल्यूपीए ३. डब्ल्यूपीए ३ ची सोय अँड्रॉइडमध्ये १० व्या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या टॅबसाठी राउटर डब्ल्यूपीए २ वर किंवा दोन्हींच्या मिश्र प्रकारावर ठेवावा लागतो.

नक्की काय जातंय?

"वायफाय जातं" म्हणताना लोक दोन निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात. एकात वायफायचं चिन्हच नाहीसं होतं, म्हणजे टॅब आणि राउटरचा संबंध तुटला. दुसऱ्यात चिन्ह जागेवर असतं, पण अँड्रॉइडवर त्याच्याशी उद्गारचिन्ह येतं, म्हणजे राउटरपर्यंत टॅब पोचला आहे, पुढे इंटरनेट नाही. हे दुसरं बहुतेक वेळा तुमच्या इंटरनेटवाल्याचं काम. तो "टॅब दाखवून घ्या" म्हणेल. त्याला राउटरवरचा लाल दिवा दाखवा.

राउटरचा ॲडॉप्टरही तपासा. तो थकला की राउटर अधूनमधून स्वतःच बंद होऊन सुरू होतो आणि आपल्याला वाटतं टॅबच सोडतोय. लाइट क्षणभर गेली तरी तेच होतं, फायबरचा डबा परत जागेवर यायला दोन-तीन मिनिटं घेतो. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर घ्या. नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, आमच्याकडेही आहे.

महिनोन् महिने कपाटात पडून बॅटरी साफ उतरलेल्या टॅबची तारीख कधीकधी मागे जाते. तारीख चुकीची असली की वायफाय ठणठणीत असूनही बऱ्याचशा साइट उघडत नाहीत. वागळे इस्टेटहून एक काकू एवढ्यासाठी रिक्षा करून आल्या होत्या. तारीख सुधारायचे आम्ही पैसे घेत नाही.

हॉटस्पॉटची परीक्षा

टॅब एकटाच अडतोय असं दिसलं तर मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा, टॅब हातभर अंतरावर ठेवून त्याला जोडा आणि तासभर व्हिडिओ चालू द्या. चित्राचा दर्जा कमी ठेवा, नाहीतर दिवसाचा डेटा संपेल आणि तुम्ही म्हणाल पुन्हा वायफाय गेलं. व्हिडिओ चालूच ठेवायचा, कारण कोणी वापरत नाही असं दिसलं की बरेचसे मोबाईल हॉटस्पॉट आपोआप बंद करतात. बॅटरी सेव्हरही बंद ठेवा. तासभर टिकलं तर टॅबच्या आतलं सामान बहुधा ठीक आहे, घरच्या राउटरकडे वळा. इथेही तुटलं तर टॅब आमच्याकडे आणा.

पण फॉरमॅट मारून आणू नका

खरं तर कागद छापला तो या एका गोष्टीसाठी. टॅबचं वायफाय जातंय, कोणीतरी व्हिडिओ पाठवतं, पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून सगळं पुसलं जातं. भिंत तिथेच, राउटर तिथेच, चॅनेलवरची गर्दी तिथेच. म्हणजे तक्रार परत येणारच. गेले ते फोटो, मुलांच्या नोट्स आणि आजींनी उतरवून ठेवलेली कीर्तनं.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, अशा बटणं दाबून पुसलेल्या टॅबला सुरू होताना आधीचं गुगल खातं लागतं. आयपॅडमध्ये ‘फाइंड माय’ ही हरवलेला आयपॅड शोधायची सोय चालू असेल तर ॲपल खातं लागतं. ती कुलूपाची सोय २०१३ पासून आहे. खातं जुळेपर्यंत टॅब मुख्य पडद्यापर्यंत येतच नाही. मग आमच्याकडे संवाद साधारण असा होतो. "खातं कोणाचं टाकलंय?" "भाच्याने टाकून दिलं होतं." "पासवर्ड?" "त्यालाच ठाऊक. तो आता नाशिकला असतो." भाच्याला फोन लागतो, पासवर्ड त्यालाही आठवत नाही, आणि ओटीपी जातो त्याच्या कधीच बंद झालेल्या नंबरवर. वायफायचं दुखणं बाजूला राहतं आणि आठवडा कुलपात जातो.

आणखी एक. हल्लीचे टॅब वायफायला स्वतःचा खरा पत्ता (मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक) न देता प्रत्येक नेटवर्कसाठी बनवलेला पत्ता देतात. अँड्रॉइड १० आणि आयपॅडओएस १४ यांच्यापासून. फॉरमॅट मारला की हा पत्ता नवा होतो. ऑफिसमध्ये, क्लासमध्ये किंवा घरच्या राउटरवर ठरावीक उपकरणांनाच परवानगी असेल तर तिथे तुमचाच टॅब परका ठरतो. कालपर्यंत अधूनमधून जाणारं वायफाय आज जोडतच नाही.

काही पुसायचंच असेल तर फक्त नेटवर्क सेटिंग रीसेट करा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये रीसेटच्या पर्यायांत वायफाय आणि ब्लूटूथ रीसेट असं मिळतं, आयपॅडमध्ये जनरलच्या खाली शेवटी. फोटो, ॲप सगळं राहतं, वायफायचे जतन केलेले पासवर्ड जातात, अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या जोडण्याही. आयपॅडचा वर सांगितलेला पत्ता यानेही बदलतो, तेवढं ध्यानात असू द्या. घरच्या वायफायचा पासवर्ड आधी लिहून ठेवा. तो राउटरच्या पोटावर चिकटवलेला असतो, पण नंतर कोणी बदललेला असू शकतो.

टॅबच बिघडला आहे हे कशावरून?

वायफायचं बटण राखाडी पडलंय आणि दाबलं जात नाही. राउटरला चिकटवून ठेवला तरच चालतो, चार पावलं मागे गेलं की तुटतो. पडल्यानंतर किंवा बॅटरी बदलून आणल्यानंतर तक्रार सुरू झाली. यातलं एक जरी असेल तर घरी वेळ घालवू नका. आत अँटेनाची बारीक वायर असते, टोकाला दाबून बसवायचं छोटं बटण. बॅटरी बदलताना ते नीट बसलं नाही, किंवा आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेने त्यावर हिरवट थर धरला, की रेंज पडते. पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन एका बाजूने उचलली गेली असेल तर बॅटरी फुगली आहे. असा टॅब चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, तसाच घेऊन या. धातूचं जाड कव्हर असेल तर ते मात्र एकदा काढून बघाच.

आमच्या पद्धतीबद्दल

टॅब रात्रभर का ठेवून घेता, असं लोक विचारतात. अधूनमधून येणारा दोष पाच मिनिटांत दिसत नाही. आम्ही तो दोन निरनिराळ्या राउटरवर रात्रभर चालवतो आणि कधी तुटला, चिन्ह गेलं की नुसतं नेट, ते सकाळी सांगतो. याआधी उघडत नाही, कारण टॅबची काच चिकटवलेली असते, गरम करून सोडवावी लागते आणि त्यात ती तडकू शकते. ज्याचा दोष राउटरमध्ये आहे त्याची काच धोक्यात का घालायची? "बघायचे कसले पैसे" असंही ऐकतो. बघणं हेच इथे काम आहे. तपासणीची रक्कम दुरुस्ती केलीत तर बिलातून वजा होते, आणि दोष टॅबमध्ये नाही असं निघालं तर तसं लिहून देतो. तो कागद इंटरनेटवाल्याला दाखवायला उपयोगी पडतो.

कुलूपबंद टॅब आम्ही तोडून देत नाही. दुसरीकडे देतात, असं सांगणारे भेटतात, देत असतीलही. चोरीचा टॅब आणि पासवर्ड विसरलेला टॅब काउंटरवर सारखेच दिसतात. बिल आणि खोका घेऊन या. खोक्यावरचा सीरियल नंबर जुळला तर खातं परत मिळवायच्या रीतसर मार्गात आम्ही मदत करतो. वायफायवाल्या टॅबला मोबाईलसारखा आयएमईआय (ओळख क्रमांक) नसतो, म्हणून खोका टाकून देऊ नका.

येताना टॅब चालू अवस्थेत, स्वतःच्या चार्जरसह आणा. ज्या मोबाईलवर ओटीपी येतो तो जवळ असू द्या. राउटरवरच्या कंपनी-मॉडेलच्या लेबलाचा फोटो काढून आणलात तर अर्धं काम तिथेच होतं. घरातच रेंज पोचत नसेल तर आम्ही येऊन खोलीनिहाय मोजून देतो: राउटर हलवून भागेल, की आतल्या खोलीत वायरने जोडलेला दुसरा पॉइंट लागेल. प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर आम्ही सहसा सुचवत नाही. तो मिळालेलीच कमजोर रेंज पुढे ढकलतो आणि त्यात वेग कमी होतो. आम्हीही तो विकतो, पण विचारल्याशिवाय देत नाही.

दुकान गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, नौपाडा. रविवारी काउंटर बंद, घरी येऊन तपासणी मात्र रविवारीच करतो. घोडबंदरकडच्या मंडळींनी शुक्रवारपर्यंत नाव सांगावं आणि वेळ सकाळचीच घ्यावी. दुपारनंतर त्या रस्त्याचा आम्ही शब्द देऊ शकत नाही.