चेक लोकांचं ‘नेवीम’ आणि आपले वेद

प्रागमध्ये कुणाला काही विचारलं आणि त्याला ते ठाऊक नसलं की उत्तर येतं ‘नेवीम’. यातलं ‘ने’ म्हणजे नाही, ‘वीम’ म्हणजे मला माहितीये. पोलंडमध्ये हेच ‘व्ह्येम’, स्लोव्हेनियात ‘वेम’. अशी रूपं शेजारी शेजारी ठेवून अभ्यासकांनी आदिस्लाव्ह भाषेतलं (म्हणजे चेक, पोलिश, रशियन वगैरे स्लाव्ह भाषांच्या सामाईक पूर्वजातलं) मूळ क्रियापद उभं केलंय, *वेदेती, म्हणजे जाणणे. पुढचा तारा कशाला, तर हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही म्हणून. स्लाव्ह भाषेत लिखाणच मुळी नवव्या शतकात सुरू झालं, सिरिल आणि मेथोडियस हे दोघे धर्मप्रसारक भाऊ 863 च्या सुमारास मोराव्हियात (आजच्या चेक देशाच्या बाजूला) गेले तेव्हापासून.

त्या जुन्या ग्रंथांत ‘मी जाणतो’ला एक विचित्र रूप मिळतं, ‘वेदे’. असा प्रत्यय त्या भाषेत दुसऱ्या कुठल्याच क्रियापदाला नाही, एकटाच उरलाय बिचारा. तो आलाय फार जुन्या भूतकाळातून, आणि मूळ धातूचा अर्थ होता पाहणे, म्हणजे ‘मी पाहिलंय’ म्हणून ‘मला माहितीये’! संस्कृतात ‘मी जाणतो’ला ‘वेद’ म्हणतात ते याच घराण्यातलं, आणि तेही असंच हट्टी, चकार (केलं), ददर्श (पाहिलं) या भूतकाळाच्या रूपांसारखं पहिलं अक्षर डबल करतच नाही. ग्रीक ‘ओइदा’ पण तसंच. आपले वेद, विद्या, विद्वान सगळे याच धातूचे.

रशियन लोकांनी मात्र रोजच्या बोलण्यातून हे क्रियापद जवळपास काढूनच टाकलं, ते ‘झ्नात’ म्हणतात (ते आपल्या ‘जाणणे’चं नातेवाईक). पण तुकडे उरलेत: ‘वेद्मा’ म्हणजे चेटकीण, जिला गुपितं माहीत असतात ती, आणि ‘बोग वेस्त’, म्हणजे देव जाणे, यातलं वेस्त हे जुनं ‘तो जाणतो’. साक्षीदाराला पूर्वी ‘स्वेदेतेल’ म्हणायचे, म्हणजे जाणणारा, पण लोकांना वाटलं साक्षीदार तर पाहणारा असतो, मग ‘विदेत’ म्हणजे पाहणे यावरून केलं ‘स्विदेतेल’. गंमत म्हणजे ही दोन्ही क्रियापदं मुळात एकाच धातूची. बेलारूसमध्ये अजून साधं ‘वेदात्स’च चालतं.

आता एक फसवा शब्द, अस्वलासाठी रशियन ‘मेद्वेद’. मध जाणणारा असं कितीतरी जण सांगतात पण ते चूक आहे. तो मध खाणारा, मेदू म्हणजे मध, अधिक ‘एद’, म्हणजे आपलं संस्कृत अद् (खाणे), आणि मधला ‘व’ मेदूच्या उकाराचा झालेला. ऋग्वेदात ‘मध्वद’ आहे, हीच जोडी, फक्त तिथे ते पक्षी आहेत. युक्रेनी लोकांनी तर अक्षरं उलटीपालटी करून ‘वेद्मिद’ केलंय, म्हणजे आता तिथे खाणारा शोधूनही सापडत नाही.